पहिल्या वाढदिवसानंतर बाळाच्या पेल्यात काय असावे?





गेल्या नाताळात आपण पाड्यांवरील मुलांसाठी मोठ्या मनाने भेटी पाठवल्या. त्यांत कपडे होते, चादरी होत्या, चॉकलेटी पावडरीचे डबे होते आणि दुधाच्या बाटल्याही होत्या. त्या मीच वाटल्या. फेब्रुवारीत मरोळहून आरेतल्या एका पाड्यावर गेले, तेव्हा १४ महिन्यांचे एक बाळ ओट्यावर बसून त्यांपैकीच एका बाटलीतून काहीतरी तपकिरी पीत होते.

"आजी, बाटलीत काय आहे?"

"चहा, ताई. तुमची पावडर कधीच संपली. चहा पिऊन गप ऱ्हातो, मग निजतो."

आजीची चूक नव्हती. आई सकाळी सहाला मरोळच्या इमारतींत घरकामाला जाते आणि दुपारी तीनला परतते. तोवर रडणाऱ्या बाळाला गप करायला आजीजवळ चहाच होता. बाटली मात्र आम्ही दिली होती. म्हणून या अंकात, वर्ष पूर्ण झालेल्या बाळाने काय प्यावे हे नीट मांडते.

पहिले, आईचे दूध. "वर्ष झाले, आता अंगावरचे तोडा," असा सल्ला पाड्यावरही मिळतो आणि आपल्या मंडळीतही. पण जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षे आणि त्यापुढेही स्तनपान चालू ठेवायला सांगते. दुसऱ्या वर्षात बाळाला लागणाऱ्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा आईच्या दुधातून मिळू शकतो. हन्नेने शमुवेलाला दूध तुटेपर्यंत घरीच ठेवले आणि मगच मंदिरात नेले, हे आपण जाणतोच. कामाला जाणारी आईसुद्धा पहाटे, परतल्यावर आणि रात्री पाजू शकते.

दुसरे, वरचे दूध. वर्षानंतर गाईचे किंवा म्हशीचे साधे दूध उकळून देता येते. ज्या बाळाचे अंगावरचे दूध सुटले आहे, त्याला अंडी, मासे, मटण वरचेवर मिळत असेल तर दिवसाला २०० ते ४०० मिली दूध पुरते. ते मिळत नसेल तर ३०० ते ५०० मिली द्यावे. दुधात पाणी वाढवू नये आणि दोन वर्षांच्या आत साय काढलेले दूध देऊ नये, कारण या वयात स्निग्धांश लागतो. पण नुसते दूधच पाजत राहणेही बरे नाही. दुधात लोह फार कमी असते, आणि दुधाने पोट भरलेले बाळ भाकरी-वरण खात नाही.

तिसरे, पाणी. तहानेला पाण्यासारखे दुसरे काही नाही. ते खळखळून उकळलेले, झाकून ठेवलेले आणि पेल्यातून पाजलेले असावे.

आता काय देऊ नये ते. चहातील टॅनिनमुळे अन्नातले लोह अंगी लागत नाही, आणि साखरेने भूक मरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी जवळजवळ ६९ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. अशा मुलांना चहा पाजणे म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणे. डब्यातील सरबते, थंड पेये आणि साखर घातलेल्या चॉकलेटी पावडरीही नकोत. मोठ्या बाळांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या खास दुधाच्या पावडरींचीही गरज नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शनात सांगितले आहे.

बाटलीचे बूच व तिचे कोनेकोपरे पाड्यावर स्वच्छ राहत नाहीत. त्यातून जुलाब होतात. वाटी-चमचा किंवा लहान पेला धुवायला सोपा. आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. १९९२ च्या कायद्याने, २००३ च्या दुरुस्तीसह, दुधाच्या बाटल्या आणि दोन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी आईच्या दुधाऐवजी विकल्या जाणाऱ्या पावडरी अनाथालयांखेरीज कोणालाही दान देण्यास मनाई आहे. चांगल्या मनाने का होईना, आम्ही बाटल्या वाटायला नको होत्या. याची क्षमा मी त्या आजीकडे मागितली, आपल्याकडेही मागते.

आरे दूध वसाहत १९४९ मध्ये उभी राहिली आणि १९५१ मध्ये पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. शहरातील तबेल्यांतल्या म्हशी येथे आणून मुंबईला चांगले दूध पुरवावे, हा हेतू होता. त्याच जमिनीवरील पाड्यांत वारली, कोकणा, मल्हार कोळी कुटुंबे राहतात, आणि त्यांच्यातल्या एका बाळाच्या बाटलीत मला काळा चहा दिसला. हे मनाला लागते.

तर आपण काय करावे? यंदा डबे आणि बाटल्या पाठवू नका. त्याऐवजी कडीचे लहान स्टीलचे पेले द्या. झाकण आणि तोटी असलेली पाण्याची भांडी द्या. अंडी, शेंगदाणे, नाचणी द्या. आणि एक विनंती जरा संकोचाने करते. आपल्यापैकी काहींच्या घरी याच पाड्यांतल्या बाया कामाला येतात. तिचे बाळ दोन वर्षांच्या आतले असेल, तर पगार न कापता तिला तासभर उशिरा येऊ द्या किंवा दुपारी लवकर सोडा. तो एक तास कोणत्याही डब्यापेक्षा मोलाचा आहे.

मत्तय १०:४२ मध्ये प्रभू लहानांना दिलेल्या पाण्याच्या पेल्याचे मोल सांगतो. तो पेला स्वच्छ असावा, एवढे तरी आपल्या हाती आहे.

त्या आजीने आता चहा सोडला असे मी म्हणणार नाही. पण गेल्या भेटीत बाळाच्या हातात पेला होता आणि त्यात उकळलेले पाणी होते. शेजारी वाटीत कालवलेले अंडे-भात होता. त्या घरासाठी आणि आमच्या सेवेसाठी प्रार्थना करत राहा.

प्रभूच्या सेवेत,
आपली भगिनी, मरोळ