बातमी कुणाच्या कानावर घालायची?

१९१९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यातल्या हेलेना गावातून निळ्या डोळ्यांचा, भुऱ्या केसांचा एक तरुण घाईघाईने आगगाडीत चढला. तिकीट काढायलाही थांबला नव्हता. पैसे गाडीतच कंडक्टरला दिले. कंडक्टर हळहळला. आता कुठे मजा येणार आणि तुम्ही निघालात, असं म्हणाला. गावात एक काळा माणूस गोरा बनून फिरतोय म्हणे, पोरं त्याला गाठणार आहेत. तरुणाने जुजबी चौकशी केली आणि गप्प बसून राहिला. तो काळा माणूस म्हणजे तोच.

त्याचं नाव वॉल्टर व्हाइट. आडनावातला हा विनोद त्याचा नव्हे, वाडवडिलांकडून आलेला. पूर्वजांमध्ये बहुतेक गोरे, पण जन्माने आणि मनाने तो अटलांटातल्या कृष्णवर्णीय वस्तीचा. एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेत तो १९१८ साली रुजू झाला आणि पुढच्या काही वर्षांत चाळीसहून अधिक झुंडबळींची चौकशी त्याने जागेवर जाऊन केली. पद्धत साधी होती. गावात जायचं, दुकानाच्या ओट्यावर बसायचं, पीकपाण्याच्या गप्पा काढायच्या. गोऱ्या माणसासमोर गोरी माणसं आपणहून फुशारक्या मारत. कुणाला कसं जाळलं, दोर कुणी आणला, सगळं.

मराठी वाचकाला हेर म्हटलं की बहिर्जी नाईक आठवतात. फकीर, वासुदेव, गोंधळी, जसं गाव तसं सोंग. गोष्ट रंगते ती त्या सोंगांमुळे. पण त्या गोष्टीत एक बाब आपण न बोलता धरून चालतो: बातमी घेऊन परतायला राजगड होता आणि ऐकून त्यावर पाऊल उचलणारा माणूस तिथे बसलेला होता. गोऱ्या वर्चस्ववादी टोळ्यांत शिरलेल्या माणसांची गेल्या शंभर वर्षांची हकिगत वाचताना हा राजगडच वारंवार जागेवर नसतो. सोंग वठवणारे पुष्कळ निघाले. ऐकणारे मोजके.

व्हाइटचंच घ्या. हेलेनाजवळच्या एलेन भागात अर्धेलीने कापूस पिकवणारे कृष्णवर्णीय शेतकरी मालाचा वाजवी भाव मागण्यासाठी एका चर्चमध्ये जमले होते. गोळीबार झाला, आणि मग दिवसेंदिवस माणसं टिपून मारली गेली. मेलेले गोरे पाच. कृष्णवर्णीय शंभराहून अधिक असावेत असं इतिहासकार मानतात. सरकारी म्हणणं मात्र असं की काळ्यांनीच गोऱ्यांच्या कत्तलीचा कट रचला होता. बारा कृष्णवर्णीयांना फाशी सुनावली गेली आणि काही खटल्यांत पंचांना निकाल द्यायला दहा मिनिटंही लागली नाहीत. व्हाइट शिकागोच्या वर्तमानपत्राचा बातमीदार म्हणून राज्याच्या गव्हर्नरला भेटला. पुढे त्याने लिहिलं आहे की गव्हर्नरने खूश होऊन त्याला स्वाक्षरीचा फोटोही दिला. हेलेनात एका अनोळखी कृष्णवर्णीय माणसाने त्याला गाठून सावध केलं नसतं तर तो त्या गाडीपर्यंत पोचलाच नसता.

ही बातमी त्याने शेरीफला दिली नाही. देऊन उपयोगही नव्हता, कारण कत्तल करणाऱ्यांत कायद्याचेच लोक होते. ती वर्तमानपत्रांत आली, संघटनेच्या वकिलांकडे गेली आणि १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने झुंडीच्या दहशतीखाली चाललेल्या खटल्याला खटला म्हणता येत नाही, असा निकाल दिला. ते बाराही जण अखेर सुटले. जे मेले त्यांच्यासाठी कुणालाच शिक्षा झाली नाही.

१९३३ साली लॉस एंजेलिसमध्ये लिऑन लुईस या ज्यू वकिलाने शहरातल्या नाझी संघटनांत आपली माणसं पेरली. त्यातली बरीचशी पहिल्या महायुद्धातले माजी सैनिक, आणि बहुतेक ज्यू नसलेली. माहिती घेऊन तो पोलिसप्रमुखाकडे गेला, तर साहेबांना नाझींपेक्षा कम्युनिस्टांची काळजी जास्त. लुईसला मग ते जाळं वर्षानुवर्षं स्वतःच चालवावं लागलं.

या सगळ्यांत प्रसिद्धी मिळाली ती स्टेट्सन केनेडीला. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलचा हा लेखक लोकगीतं आणि लोककथा गोळा करत हिंडलेला. पाठीच्या दुखण्यामुळे दुसऱ्या महायुद्धात जाता आलं नाही. युद्ध संपता संपता अटलांटात कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची टोळी पुन्हा उभी राहत होती. जॉर्जियातला तिचा म्होरक्या सॅम्युअल ग्रीन हा पेशाने बाळंतपणं करणारा डॉक्टर. १९४६ साली स्टोन माउंटनवर जळत्या क्रुसाच्या उजेडात नव्या सभासदांचा मोठा शपथविधी झाला. केनेडी 'जॉन पर्किन्स' या खोट्या नावाने आत शिरला होता.

क्लॅनची आतली भाषा म्हणजे एक अजब प्रकरण. शाखेला 'क्लॅव्हर्न', भरती करणारा तो 'क्लीगल', विधींची पोथी म्हणजे 'क्लोरान'. अनोळखी माणसाला 'अयाक' आहे का विचारायचं. 'अकाई' असं उत्तर आलं की तो आपला. हे वाचताना हसू येतं, आणि केनेडीचा सगळा डाव त्या हसण्यावरच होता. क्लॅनला भीतीपेक्षा चेष्टा जास्त लागेल, हे लोकवाङ्मयाच्या अभ्यासकालाच सुचावं. १९४६ च्या उन्हाळ्यात रेडिओवरच्या सुपरमॅनने सोळा भागांत अशाच एका टोळीचा धुव्वा उडवला. केनेडीने परवलीचे शब्द रेडिओवाल्यांना पुरवले आणि क्लॅनवाल्यांची मुलं अंगणात तेच शब्द वापरून खेळू लागली, ही गोष्ट नंतर अर्धशतक सांगितली गेली. २००५ साली एका अतिशय खपाच्या पुस्तकातूनही ती जगभर गेली.

पुढच्याच वर्षी त्या पुस्तकाच्या लेखकांना जाहीरपणे शब्द मागे घ्यावे लागले. बेन ग्रीन नावाच्या लेखकाने केनेडीचे मूळ कागद चाळले होते. त्यांत दिसलं ते असं की केनेडीने क्लॅनवरच्या आपल्या पुस्तकात स्वतःच्या नावावर घातलेले कित्येक प्रसंग दुसऱ्याच माणसाचे होते. 'जॉन ब्राउन' या टोपणनावाने नोंदला गेलेला, पूर्वी स्वतः क्लॅनचा पदाधिकारी असलेला, मन पालटलेला एक कामगार. खऱ्या बैठकांना तो जाई. पुस्तकात मात्र सगळीकडे केनेडी.

केनेडीला खोटारडा म्हणून मोडीत काढणारे मला पटत नाहीत. क्लॅनचा त्याने पाठपुरावा केला, माहिती सरकारी वकिलापर्यंत पोचवली, आणि १९४७ साली जॉर्जियाने क्लॅनची सनद रद्द केली, हे सगळं खरं आहे. पण ज्या माणसाने जीव धोक्यात घातला तो स्वतःच्याच गोष्टीतून गायब व्हावा, हे कथानक चटकदार करण्याच्या नादात झालं, असंही म्हणता येत नाही. जॉन ब्राउनचं नाव उघड होऊन चालणार नव्हतं. टोळीत शिरलेल्या माणसाच्या वाट्याला कीर्ती येते तेव्हा बहुधा काहीतरी बिनसलेलं असतं.

आणि मग गॅरी थॉमस रो. इथे जरा थांबावंच लागेल.

१९६० साली एफबीआयने अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या क्लॅनमध्ये रोला खबरी म्हणून पाठवलं. हा काही व्हाइट किंवा केनेडी नव्हे. मारामारीची हौस असलेला, दारूच्या गुत्त्यात रमणारा गडी. क्लॅनमध्ये सहज खपून गेला यात नवल नाही. १९६१ च्या मे महिन्यात आंतरराज्य बसमधून काळे आणि गोरे शेजारी बसून दक्षिणेत प्रवास करत निघाले. 'फ्रीडम रायडर्स' म्हणत त्यांना. बर्मिंगहॅमला बस पोचली की पोलिस पंधरा मिनिटं फिरकणार नाहीत, तेवढ्या वेळात क्लॅनने काय ते करून घ्यावं, असा शहराच्या पोलिसांशी सौदा झाला होता. रोने तो एफबीआयला आधीच कळवला. म्हणजे हेर जागेवर होता, बातमी पक्की होती, वेळेत पोचलीही होती.

१४ मे रोजी, मातृदिनाच्या रविवारी, बस आली. लोखंडी नळ्या आणि दंडुके घेऊन क्लॅन हजर होती, पोलिस नव्हते. एफबीआयने काहीच केलं नाही. एका स्थानिक छायाचित्रकाराने तेवढ्या धुमश्चक्रीत एक फोटो टिपला. एका माणसाला घेरून मारणाऱ्यांत पाठमोरा, आडदांड दिसतो तो रो.

चार वर्षांनी, २५ मार्च १९६५ ला, कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्कासाठीचा सेल्मा ते मॉन्टगोमेरी मोर्चा संपल्यावर डेट्रॉइटहून आलेली व्हायोला लिउझो मोर्चेकऱ्यांना गाडीने पोचवत होती. पाच मुलांची आई, वय एकोणचाळीस. क्लॅनच्या चौघांनी पाठलाग करून तिला गोळ्या घातल्या. त्या चौघांतला एक रो होता. दुसऱ्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी दूरचित्रवाणीवर अटकेची घोषणा केली. एवढा झटपट तपास पाहून देश थक्क झाला. खबरी गाडीतच बसलेला होता हे नंतर कळलं. रोच्या साक्षीवर बाकी तिघांना संघीय न्यायालयात दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली, खुनाबद्दल मात्र नाही, नागरी हक्क डावलण्याच्या कटाबद्दल. आणि एफबीआयचे प्रमुख हूवर यांनी आपला खबरी झाकण्यासाठी मेलेल्या बाईच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवायला सुरुवात केली.

१९७५ साली सिनेटच्या समितीपुढे रोची साक्ष झाली तेव्हा ओळख लपवण्यासाठी त्याने डोळ्यांपुरती भोकं ठेवलेला बुरखा डोक्यावरून ओढून घेतला होता. त्या दिवशीचे फोटो पाहिले की क्षणभर कळेनासं होतं, हा कोणत्या बाजूने आलाय.

तेवढ्यावर शहाणपण आलं असतं तर १९७९ साली ग्रीन्सबरो घडलं नसतं. नॉर्थ कॅरोलिनातल्या या शहरात ३ नोव्हेंबरला डाव्यांचा क्लॅनविरोधी मोर्चा निघायचा होता. पोलिसांचा खबरी क्लॅनमध्ये होता. नुसता होता असं नाही, मोर्चाच्या परवान्याची प्रत पोलिसांकडून घेऊन तोच क्लॅनवाल्यांना तिथे घेऊन आला. शस्त्रास्त्रांवर नजर ठेवणाऱ्या संघीय खात्याचा एक गुप्त अधिकारी नाझींच्या गटात वावरत होता. इतकं असून मोर्चाच्या सुरुवातीच्या जागी पोलिस नव्हते. दीड मिनिटाच्या आत पाच जण मारले गेले, तेही दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यांसमोर. गोऱ्या पंचांनी दोन वेळा आरोपींना सोडून दिलं. १९८५ साली एका दिवाणी दाव्यात पोलिस आणि क्लॅनवाल्यांना मिळून एका मृत्यूसाठी जबाबदार धरलं गेलं, आणि भरपाई शहराच्या तिजोरीतून गेली.

याच सुमारास कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये रॉन स्टॉलवर्थ या कृष्णवर्णीय पोलिसाने क्लॅनची वर्तमानपत्रातली जाहिरात पाहून तिला पत्र पाठवलं आणि खाली चुकून खरं नाव लिहिलं. फोनवर तो स्वतः बोले, भेटीला त्याच्या नावाने गोरा सहकारी जाई. क्लॅनचा राष्ट्रीय नेता डेव्हिड ड्यूक फोनवर त्याला सांगत असे की काळा माणूस बोलायला लागला की मी लगेच ओळखतो. १९७९ च्या जानेवारीत ड्यूक शहरात आला तेव्हा त्याच्या संरक्षणाला नेमला गेलेला पोलिस स्टॉलवर्थच होता. स्पाइक ली यांच्या २०१८ च्या चित्रपटामुळे ही हकिगत आपल्याकडेही पोचली आहे, म्हणून जास्त सांगत नाही. चित्रपटाने तिच्यात स्फोट घातला; खऱ्या प्रकरणात तसलं काही नव्हतं. खऱ्यात एवढंच झालं की क्लॅनचे दोन सभासद देशाच्या हवाई संरक्षण केंद्रात कामाला आहेत हे उघड झालं आणि त्यांची बदली झाली. मग पोलिसप्रमुखाने तपास बंद करून कागद नष्ट करायला सांगितले. स्टॉलवर्थने ते घरी नेले, म्हणून आपल्याला काही कळलं.

आता ब्रिटन. 'नॅशनल ॲक्शन' ही तरुण नवनाझींची संघटना २०१३ ची. २०१६ च्या जूनमध्ये जो कॉक्स या खासदाराचा एका वर्चस्ववाद्याने खून केला, तेव्हा या संघटनेने त्याचा जयजयकार केला. डिसेंबरात तिच्यावर बंदी आली. पण मंडळी भेटत राहिली. त्यांच्यात रॉबी मलन नावाचा तरुण होता. तो सोंग घेऊन आलेला नव्हता, खराखुरा सभासद होता. मन उडाल्यावर त्याने 'होप नॉट हेट' या वर्णद्वेषविरोधी संस्थेतल्या मॅथ्यू कॉलिन्सशी संपर्क साधला. कॉलिन्सही एके काळी असल्याच टोळक्यात राहून बाहेर पडलेला, त्यामुळे ऐकणारा कान तयार होता.

१ जुलै २०१७ च्या संध्याकाळी वॉरिंग्टनमधल्या एका पबमध्ये जॅक रेन्शॉ या सभासदाने टेबलावर जाहीर केलं की तो खासदार रोझी कूपर यांना मारणार आहे. सुरा घेऊन ठेवला होता. आपल्यामागे लागलेल्या महिला पोलिस अधिकाऱ्यालाही मारायचं होतं. टेबलावरच्या कुणी त्याला रोखलं नाही.

मलनने पोलिसांना फोन केला नाही. करणार कसा? बंदी असलेल्या संघटनेचा सभासद असणं हाच गुन्हा. फोन म्हणजे कबुलीजबाब. त्याने कॉलिन्सला कळवलं. तिथून ती बातमी कूपर यांच्याकडे आणि पोलिसांकडे गेली. रेन्शॉ पकडला गेला. २०१९ मध्ये जन्मठेप झाली, किमान वीस वर्षं आत. मलनवर खटला भरायचा की नाही हा घोळ काही काळ चालला आणि अखेर त्याला अभय मिळालं, तेही संस्थेने लावून धरल्यावर.

२०१८ साली रोझी कूपर ब्रिटनच्या संसदेत उभ्या राहिल्या आणि आपला जीव ज्याच्यामुळे वाचला त्याचं नाव घेऊन त्यांनी आभार मानले. मलन तोवर जुनं आयुष्य सोडून, जुने सोबती शोधत येतील म्हणून पत्ता लपवून राहत होता.