पंधरा पावलांवर टर्की

ज्याने उभ्या जन्मात ढेकणापलीकडे कशाचीही शिकार केली नाही, तो मी एप्रिलच्या अखेरीस, भल्या पहाटे, अमेरिकेतल्या एका कुरणाच्या कडेला तिरंदाजाच्या मांडीला मांडी लावून काळोखात बसलो होतो, हे आमच्या पुण्यात कोणालाच खरे वाटत नाही. म्हणून सारी हकीगत सांगून टाकतो.

मुलगी आणि जावई मिसूरी राज्यात असतात. त्यांचे शेजारी म्हणजे सत्तरी ओलांडलेले, निवृत्त सुतार. फार कमी बोलणारे गृहस्थ. दर वसंतात ते रानटर्कीच्या शिकारीला जातात, आणि तेही बंदूक न घेता, धनुष्यबाण घेऊन! "येता का? तुम्ही नुसते बघायचे," त्यांनी विचारले. मी हो म्हटले. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हांला पूजेला दहा मिनिटे स्वस्थ बसवत नाही, तिथे चार तास कसे बसाल?" तिची शंका रास्त होती, हे लवकरच कळले.

टर्की म्हणजे नाताळच्या ताटातला पांढरा, सुस्त पक्षी, अशी माझी समजूत. रानातला नर पाहिला आणि ती पार पुसली गेली. पिसांवर तांब्यापितळेची झाक, छातीवर लोंबणारी केसाळ दाढी, आणि डोके तर घटकेत लाल, घटकेत निळे, घटकेत पांढरे! हे नवल आपल्याकडे जहांगीर बादशहाने चारशे वर्षांपूर्वीच टिपून ठेवले आहे. 1612 मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून त्याच्यासाठी हा पक्षी आणला, तेव्हा सरड्यासारखा रंग बदलतो म्हणून बादशहा चकित झाला. दरबारी चित्रकार मन्सूर याने काढलेले टर्कीचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

आता आमच्या लपणाविषयी. ते म्हणजे आतून काळ्या कापडाचा एक बुटका तंबू आणि त्यात दोन स्टुले. टर्कीला वास फारसा येत नाही. पण नजर विलक्षण तीक्ष्ण. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे मान जरा वळवली की चहूकडचे दिसते. बंदूकवाला झाडाला टेकून, बंदूक गुडघ्यावर रोखून, पुतळ्यासारखा बसू शकतो. धनुर्धाऱ्याला मात्र ऐन वेळी दोरी ओढावीच लागते, आणि हाताची तेवढी हालचाल पक्ष्याला पुरते. म्हणून हा आडोसा. खिडकी एकाच बाजूची उघडायची, नाहीतर मागच्या उजेडात आपली आकृती दिसते. कपडे काळे, हातमोजेही काळे. समोर पंधरा पावलांवर दोन बनावट टर्की रोवलेल्या, एक मादी आणि एक तरणा नर. बाणासाठी याहून फार लांबचे अंतर बरे नव्हे, कारण पक्षी मोठा असला तरी मर्माची जागा जेमतेम मुठीएवढी असते.

झुंजुमुंजू होताच घुबड घुमले आणि पलीकडच्या ओकच्या झाडांवरून गडगडल्यासारखी साद आली. टर्की रात्री झाडावर झोपतात; उजाडता उजाडता नर ओरडतो आणि माद्या त्याच्याकडे जातात. शिकारी नेमके उलटे करू पाहतो. मादीचा आवाज काढून नरालाच आपल्याकडे बोलावतो. शेजाऱ्यांनी खडू लावलेल्या लाकडी डबीवर तिचे झाकण हलकेच घासले आणि हुबेहूब मादी बोलली! अर्ध्या तासाने कुरणात लाल डोके दिसले. माझा चष्मा घसरला होता. मोजाही काढलेला. नकळत हात वर गेला. "पट्! पट्!" असा इशारा झाला आणि कुरण रिकामे! शेजारी काही बोलले नाहीत. कॉफी मात्र मला आधी दिली.

परतताना गाडीत त्यांनी होऊन सांगितले. गेल्या वर्षी त्यांचा बाण चार बोटे चुकला. जखमी पक्षी झाडीत शिरला. दोन दिवस शोधला, मिळाला नाही. "त्यानंतर मोसम संपेपर्यंत धनुष्य भिंतीवरच होते," ते म्हणाले. यंदा खांदाही कुरकुरत होता.

एवढे वाटते तर मारावे कशाला, हा प्रश्न मी विचारलाच. त्यांनी इतिहास सांगितला. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी हा पक्षी बहुतेक ठिकाणांहून नाहीसा झाला होता. पिंजऱ्यात वाढवून सोडलेले पक्षी रानात तगेनात. मग रानटी पक्ष्यांवरच तोफेने उडणारी जाळी टाकून त्यांना धरले आणि ओसाड रानांत नेऊन सोडले. मिसूरीत 1960 मध्ये नव्याने वसंतातली शिकार सुरू झाली. देशभर टर्कींची संख्या साठ लाखांच्या वर गेली. अलीकडे काही राज्यांत ती पुन्हा घटते आहे, याची त्यांना काळजी आहे. खर्चाचा मोठा वाटा शिकाऱ्यांच्या परवान्यांतून आणि 1937 च्या कायद्याने वन्यजीवांसाठी राखून ठेवलेल्या बंदुका-काडतुसांवरच्या करातून आला. 1972 मध्ये त्यात धनुष्यबाणही आले. त्याच 1972 साली आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि पुढे शिकार बंद झाली. पक्षी वाचवण्याच्या वाटा दोन देशांत अशा अगदी निराळ्या!

दुसऱ्या दिवशी मी चष्मा दोऱ्याने बांधून बसलो. सात वाजता नर आला. पिसारा फुलवून, पंखांची टोके जमिनीला घासत, आमच्या बनावट नरावर चालून आला. फुगलेल्या पिसाऱ्यात मर्म कळत नाही, म्हणून शेजारी थांबले. पिसारा मिटला. धनुष्य ओढले गेले. माझ्या कानांत माझेच काळीज वाजत होते. आणि वाचकहो, सांगायला संकोच वाटतो, मी, एकादशी पाळणारा माणूस, मनात ओरडलो, "सोडा!"

बाण सुटला नाही. दंड थरथरू लागला, श्वास जड झाला, तरी सुटला नाही. शेवटी त्यांनी दोरी हळूहळू सैल केली. ती हालचाल नराने टिपलीच. तो गेला, आणि त्याच्या आडून एक करडी मादीही पळाली. मला ती दिसलीच नव्हती.

"बाण आरपार जातो," ते खांदा चोळत म्हणाले. वसंतात परवानगी नराचीच. मादी चालते ती क्वचित कधी दाढी असलेली. ही बिनदाढीची होती. हे अंडी घालण्याचे दिवस. जमिनीवरच्या घरट्यात दहाबारा अंडी घालायची आणि अठ्ठावीस दिवस उबवायची, हे काम तिचे एकटीचे. मी मान डोलावली, पण मघाच्या त्या "सोडा!"ची लाज घरी पोहोचेपर्यंत गेली नाही.

"मिळाली का?" मुलीने दारातच विचारले.

"नाही," मी म्हटले, "पोहे टाक. शेजाऱ्यांनाही बोलावले आहे."

त्या मोसमात त्यांना पक्षी मिळाला नाही. मी निघालो तेव्हा निरोप द्यायला आले होते. म्हणाले, "पुढच्या वसंतात या. चष्म्याचा दोरा विसरू नका."