मुद्राचित्राचा कर्ता

‘अमुक चित्रकाराचे चित्र’ असे म्हणताना षष्ठीचा प्रत्यय एकाच नावास लागतो. छापील चित्राची घडण पाहिली म्हणजे मात्र ही षष्ठी अपुरी वाटू लागते. जपानमधील उकियो-ए परंपरेतील काष्ठमुद्रा आणि पुणे जिल्ह्यातील मळवली येथील शिळाछापाची चित्रे यांची तुलना या दृष्टीने उद्बोधक आहे.

जपानी पद्धतीत प्रकाशक, चित्रकार, कोरणारा व छापणारा असे चौघे असत. भांडवल प्रकाशकाचे असे. चित्रकाराचे पातळ कागदावरील रेखाटन चेरीच्या फळीवर पालथे चिकटवीत. कोरणारा रेषा उठावात राखून भोवतालचे लाकूड काढी. मूळ रेखाटन त्यातच नष्ट होई. या मुख्य ठशाच्या प्रतींवर चित्रकार रंगांच्या जागा दाखवी आणि त्यानुसार रंगांचे निराळे ठसे कोरले जात. प्रत्येक ठशावरील ‘केन्तो’ नावाच्या खुणांस ओलसर कागद भिडवून छापणारा ‘बारेन’ या चकतीने तो पाठीमागून घाशी. रंगाची छटा क्रमाने फिकट होत जाणे, हे त्याच्याच हाताचे कसब होय. १७६५ च्या सुमारास, सुझुकी हारुनोबूच्या काळी, बहुरंगी चित्रे रूढ झाली ती या संघटित श्रमामुळेच.

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेला छापखाना पुढे मळवलीस गेला. यंत्रे व तंत्रज्ञ जर्मनीतून आले. येथे लाकडाच्या जागी दगड होता. तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, या तत्त्वावर ही छपाई चाले. कारागीर स्निग्ध द्रव्याने दगडावर आकृती उलटी उतरवीत. रंगागणिक दगड निराळा असे.

दोहोंतील भेद महत्त्वाचा आहे. जपानी चित्रकार ठशासाठीच रेखाटन करी. रविवर्म्यांचे तैलचित्र मात्र स्वयंपूर्ण असे. त्यातील अखंड छटा वेगळ्या करून मोजक्या दगडांवर बसविणे, हे एका परीने भाषांतरच होते. घरोघरी पोहोचलेल्या लक्ष्मी-सरस्वती या त्या भाषांतरातील होत.

जपानी चित्रांवर चित्रकाराची सही व प्रकाशकाची खूण आढळते. कोरणाऱ्याचे व छापणाऱ्याचे नाव क्वचितच. मळवलीच्या कारागिरांचीही हीच गत झाली. तेव्हा संग्रहसूचीत ‘कर्ता’ हा रकाना भरताना रेखाटन, कोरणी वा दगडावरील उतरणी, छपाई व प्रकाशन यांची नोंद पृथक् करावी. नाव उपलब्ध नसल्यास निदान ती जागा रिकामी दिसावी. एका नावाने ती झाकली जाऊ नये.