अर्ज करावा, पण अर्जावर जगू नये

मुंबईच्या हार्बर रेल्वेवर शिवडी आणि रे रोड यांच्या मध्ये कॉटन ग्रीन नावाचे स्थानक आहे. एके काळच्या कापूस व्यापारावरून हे नाव पडले. कापूस बाजाराची हिरवी इमारत आणि गोदामांच्या रांगा तिथे आजही दिसतात. याच भागात माझा दवाखाना आहे. आपल्याकडच्या गावांतून माथाडी कामासाठी गेलेली कितीतरी कुटुंबे तिथे राहतात. निकालाच्या दिवसांत माझ्याकडे पोटदुखी, अॅसिडिटी, डोकेदुखी आणि निद्रानाश यांचे तरुण रुग्ण एकदम वाढतात. दुखणे पोटाचे असते, पण मूळ गुणपत्रिकेत असते.

असाच एक मुलगा त्याची आई घेऊन आली. “डाक्टर, तीन रात्री झोपला न्हाई. खाल्लेलं पोटात ठरत न्हाई. काहीतरी ताकदीचं द्या,” ती म्हणाली. मी नाडी पाहिली, पोट तपासले. शरीरात दोष नव्हता. आईला थोडा वेळ बाहेर बसवले, तेव्हा मुलगा बोलू लागला. वाणिज्य शाखेचे तिसरे वर्ष होते. पहिला वर्ग मिळेल अशी खात्री होती, प्रत्यक्षात एका विषयात नापास आणि बाकी विषयांतही गुण कमी. वडील गोदामात पोती उचलतात. त्यांना त्याने ‘निकाल अजून लागायचा आहे’ असे सांगितले होते. सहाही विषयांचे पुनर्मूल्यांकन मागायचे त्याने ठरवले होते आणि त्यासाठी मित्राकडून पैसे उसने घेणार होता.

त्याचे ऐकताना मला माझेच दिवस आठवले. वैद्यकीयच्या दुसऱ्या वर्षी मी एका विषयात नापास झालो होतो. महिनाभर घरी कळवले नाही. त्या महिन्यात माझे पाच किलो वजन उतरले. शेवटी पत्र लिहिले, तेव्हा वडिलांचे उलटटपाली उत्तर आले, “पुन्हा परीक्षा कधी आहे ते कळव. खर्चाचे पाहतो.” नापास होण्याने माझे जेवढे नुकसान केले, त्याहून अधिक त्या लपवालपवीने केले होते.

आधी झोप, मग निर्णय

मोठा धक्का बसला की शरीर संकटाच्या तयारीला लागते. छातीत धडधडते, भूक मरते, झोप उडते. दोन-तीन रात्री झोप नसेल तर साधा विचारही वाकडा होतो. ‘एका विषयात नापास’ याचे ‘मी कशाच्याच लायकीचा नाही’ व्हायला वेळ लागत नाही. म्हणून निकालाच्या रात्री कोणताही मोठा निर्णय घेऊ नये. घरातल्या एका तरी माणसाला खरे सांगावे, वेळेवर दोन घास खावेत, सकाळी चालून यावे, रात्री अंथरुणाला पाठ टेकावी. स्वतःच्या मनाने झोपेच्या गोळ्या घेऊ नयेत आणि मित्रांच्या आग्रहाने दारूला शिवू नये. दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण ती मोडकी असते आणि सकाळी मन अधिकच खचते.

दाद मागावी का?

शंका रास्त असेल तर जरूर मागावी. शंका घेणारा प्रत्येक विद्यार्थी पळवाट शोधतो असे समजू नये. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. कायद्याने निकाल जास्तीत जास्त ४५ दिवसांत लागायला हवेत. कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली, शेवटचे निकाल लागायला सप्टेंबर उजाडला आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावे लागले. यंत्रणा चुकू शकते, हे तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

दाद मागण्याच्या पायऱ्या समजून घ्याव्यात. गुणपडताळणीत बेरीज आणि तपासायचे राहिलेले प्रश्न पाहतात. पुनर्मूल्यांकनात दुसरा परीक्षक उत्तरे पुन्हा तपासतो. या दोन्हींच्या आधी उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवणे शहाणपणाचे. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क माहिती अधिकाराखाली परीक्षार्थीला आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये दिला आहे. अर्जाची मुदत मात्र थोड्या दिवसांची असते. मुंबई असो वा कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, आपल्या परीक्षेचे परिपत्रक महाविद्यालयातून मिळवून मुदत, शुल्क आणि गुण कमी झाल्यास काय, हे नीट वाचावे. प्रत हाती आली की ती त्या विषयाच्या शिक्षकांना दाखवावी. आपली उत्तरे आपल्याला नेहमीच बरी वाटतात.

या मुलानेही तेच केले. त्याच रात्री वडिलांना सांगितले. वडील बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “मित्राचे पैसे नको घेऊ. मी देतो.” सहाऐवजी दोनच विषयांच्या प्रती मागवल्या. शिक्षकांनी एका विषयातले गुण योग्यच ठरवले. नापास झालेल्या विषयात मात्र दोन उत्तरांना कमी गुण पडल्यासारखे त्यांना वाटले. तेवढ्या एकाच विषयाचा अर्ज गेला.

वाट पाहण्याचे दुखणे

खरी कसोटी यापुढे असते. अर्जाचा निकाल यायला आठवडे, कधी महिने लागतात. तेवढा काळ पुष्कळ मुले रोज निकाल पाहत, काही न करता बसतात. मी त्याला एकच अट घातली होती, पुढच्या परीक्षेचा अर्जही भरायचा आणि रोज दोन तास अभ्यासाला बसायचे. अडीच महिन्यांनी निकाल आला. तीन गुण वाढले होते, उत्तीर्ण होण्यास तरीही दोन कमी पडत होते. पण तोवर त्याची तयारी झाली होती. पुढच्या परीक्षेत तो त्या विषयात चांगल्या गुणांनी सुटला. केवळ अर्जावर भिस्त ठेवली असती तर ती परीक्षाही हातची गेली असती.

पालकांनी काय पाहावे?

देशात २०२२ या एका वर्षात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यातले १,७६४ आपल्या महाराष्ट्रातले होते. प्रत्येक घटनेचे कारण परीक्षा नव्हते, तरी निकालाचे दिवस जपण्याचे असतात. मुलगा किंवा मुलगी एकटी राहू लागली, ‘माझा भार कशाला’ असे बोलू लागली, आवडत्या वस्तू वाटू लागली, तर सरळ विचारावे, “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्याने असा विचार मनात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले तर क्षणभरही एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. शेतीची औषधे घरात असतील तर कुलपात ठेवावीत. उदासी आणि निद्रानाश दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवण्यात कमीपणा नाही. ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, विनामूल्य आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते.

आणि शेजारच्या मुलाचे गुण निदान महिनाभर तरी घरात काढू नयेत. आमच्या औषधांच्या कपाटात त्यावर उतारा नाही.