एकाच टेबलावरचे दोन परवाने

यवतमाळ जिल्ह्याला पोलीस आयुक्तालय नाही. त्यामुळे पिस्तूल बाळगायचं असेल तर अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो, आणि परमिट रूम काढायची असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागामार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे. खुर्ची एकच, तिच्यावर बसणारा अधिकारीही एकच. फायली मात्र वेगळ्या कपाटांतल्या. गेल्या पंचवीस वर्षांत या दोन्ही फायलींमागचे कायदे आणि नियम अनेकदा बदलले. दारूचं दुकान महामार्गापासून किती मीटरवर असावं यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत खल झाला, एका माणसाकडे किती बंदुका असाव्यात यावर संसदेत चर्चा झाली. पण सदऱ्याखाली परवान्याचं पिस्तूल लावून माणूस परमिट रूममध्ये बसू शकतो का, याचं थेट उत्तर बंदुकीच्या परवान्यावर छापलेल्या अटींत सापडत नाही. ते उत्तर ‘नाही’ असंच असायला हवं, आणि अटींत स्पष्ट छापलेलं असायला हवं, असं माझं मत आहे. त्यासाठी कारणं बाहेरून आणायची गरज नाही. आपल्याच कायद्यांच्या वाटचालीत ती जागोजागी पडलेली आहेत.

हा मागोवा १९९९ पासून घ्यावा लागतो. त्या वर्षी २९ एप्रिलच्या रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, दिल्लीत मेहरौलीच्या टॅमरिंड कोर्ट या रेस्टॉरंटमध्ये दारू संपली असं सांगितल्यावरून तिथं दारू देणाऱ्या जेसिका लाल हिच्यावर गोळी झाडली गेली. पुढची कहाणी देशाला पाठ आहे : फिरलेले साक्षीदार, फेब्रुवारी २००६ मधली निर्दोष सुटका, लोकांचा संताप, त्याच वर्षअखेर उच्च न्यायालयानं दिलेली जन्मठेप आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब. चर्चा झाली ती पैशाची, वशिल्याची आणि साक्षीदारांच्या संरक्षणाची. ती व्हायलाच हवी होती. मात्र एक साधी गोष्ट त्या गदारोळात मागे पडली. गोळी झाडणाऱ्या मनू शर्माकडे पिस्तुलाचा रीतसर परवाना होता. परवाना नव्हता तो त्या जागेला, दारू देण्याचा. म्हणजे कट्टा विकणाऱ्या टोळीतला कुणी अंधारातून आला नव्हता. ज्याची कागदपत्रं सरकारनं पाहून मान्य केली होती, असा माणूस पेला मागत होता. परवाना देताना अर्जदाराचा पूर्वेतिहास तपासला जातो. तिसऱ्या पेगनंतरचा माणूस तपासायची सोय कुठल्याही पोलीस ठाण्यात नाही.

शस्त्र परवान्याच्या अटी वाचल्या तर कायदा करणाऱ्यांना जागेचं महत्त्व कळत नव्हतं असं मुळीच म्हणता येत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली जे नियम १९६२ मध्ये आले, त्यांतल्या परवान्याच्या नमुन्यातच अट आली की विशेष परवानगीशिवाय हत्यार जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सार्वजनिक जमावात किंवा शिक्षणसंस्थेच्या आवारात नेता येणार नाही. ही यादी करणाऱ्याच्या मनात काय होतं ते उघड आहे. जिथं माणसं दाटीनं असतात, डोकी तापलेली असतात किंवा पोरंसोरं असतात, तिथं परवान्याचीसुद्धा बंदूक नको. या तर्कानं परमिट रूमचा नंबर जत्रेच्याही आधी लागायला हवा होता. कुणी म्हणेल, ती ‘सार्वजनिक जमावा’त येतेच की. न्यायालयात उद्या तसा अर्थ लागेलही, पण कोपऱ्यातल्या टेबलावर दोघंच बसलेत त्याला जमाव म्हणायचं का, यावर वकील लोक सहज दोन तारखा काढतील. सामान्य परवानाधारकाला आणि बारच्या मॅनेजरला कळेल अशी ती अट नाही.

पुढं २०१६ च्या शस्त्र नियमांनी सार्वजनिक ठिकाणी बंदूक कशी न्यावी ते सांगितलं : म्यानात, पूर्ण झाकलेली आणि धारकाच्या ताब्यात. अमेरिकेत लपवलेलं हत्यार हा वादाचा विषय आहे. आपल्याकडे हत्यार झाकणं हीच कायद्याची आज्ञा आहे. बाजारपेठेत ती शहाणपणाचीच आहे, कारण उघडं पिस्तूल मिरवणं म्हणजे निम्मी धमकीच. पण दारूच्या टेबलावर हीच आज्ञा उलटते. ज्याच्याशी आपण बिलावरून किंवा खुर्चीवरून हुज्जत घालतोय त्याच्या कमरेला काय आहे, हे ना शेजारच्या टेबलाला माहीत, ना पोऱ्याला. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि आनंदाच्या भरात गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठेवला. वरातीत बंदूक कशानं सुटते हे संसदेला ठाऊक नव्हतं असं कोण म्हणेल? तरी दारूचा उल्लेख टाळून गोळीबाराला शिक्षा ठेवली गेली, म्हणजे गोळी सुटल्यानंतरची. मोटार वाहन कायदा असं थांबत नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल असेल तर अपघात झालेला नसतानाही चालक गुन्हेगार ठरतो. शस्त्र कायद्याच्या कलमांत रक्तातल्या अल्कोहोलची अशी कुठलीच मर्यादा नाही. इंग्लंडमध्ये सार्वजनिक ठिकाणी भरलेली बंदूक जवळ असताना नशेत असणं हा १८७२ पासून गुन्हा आहे. इंग्रजांचे इतके कायदे आपण सांभाळले, नेमका हाच राहून गेला.

यवतमाळात बंदुकीच्या नियमांवर सर्वांत मोठी चर्चा झाली ती मात्र दारूमुळे नव्हे, वाघिणीमुळे. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीच्या परिसरात टी-१ म्हणजे अवनी मारली गेली. तिच्या बाजूनं आणि विरोधात जे बोललं गेलं त्यात इथं शिरायचं नाही. पण राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशी अहवालानं इतर गोष्टींबरोबर शस्त्र कायद्याच्या भंगावरही बोट ठेवलं, हे इथं महत्त्वाचं. बंदूक परवान्याची आहे एवढ्यानं प्रश्न मिटला नाही. ती कुणाच्या हातात होती, त्या हाताला त्या वेळी तो अधिकार होता का, हे विचारलं गेलं. जंगलात रात्री अकराला विचारायचा प्रश्न त्याच वेळी गावातल्या बारमध्ये विचारायला काय हरकत आहे?

दारूच्या फायलीचा प्रवास याहून खळबळीचा आहे. यवतमाळच्या एका बाजूला वर्धा, जिथं १९७० च्या दशकापासून दारूबंदी. दुसऱ्या बाजूला चंद्रपूर, जिथं ती १ एप्रिल २०१५ ला आली आणि २७ मे २०२१ च्या मंत्रिमंडळ निर्णयानं गेली. मधल्या सहा वर्षांत वणी आणि वर्धा नदीकाठच्या रस्त्यांवर काय वाहत होतं ते या भागात कुणाला सांगायला नको. याच काळात स्वामिनी अभियानाच्या बाया यवतमाळ जिल्ह्यातही दारूबंदी हवी म्हणून रस्त्यावर उतरल्या. २००८ च्या आदेशानं गावोगावी उभी बाटली-आडवी बाटली झाली; निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला कौल दिला की दुकानाला कुलूप. मग १५ डिसेंबर २०१६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि महामार्गापासून ५०० मीटरच्या आतली दुकानं उठली. लहान गावांसाठी हे अंतर पुढं २२० मीटर झालं आणि शहरांच्या हद्दीत सूट मिळाली. तेवढ्यात कुणी आत जायचा रस्ता लांबवून मीटर भरून काढले, हेही पाहण्यात आलं. आणि एप्रिल २०२१ मध्ये, टाळेबंदीत दुकानं बंद असताना, वणीत सॅनिटायझर पिऊन सात जणांचा जीव गेला.

या सगळ्यातून संपूर्ण बंदीबद्दल कुणी काय धडा घ्यावा यावर आपल्याकडे कधी एकमत होणार नाही. माझा मुद्दा त्याहून लहान आहे. दारू बंद करण्याची किंमत असते. तस्करी, विषारी पर्याय, व्यसनी शरीराची तगमग. पिस्तूल दोन तास घरच्या तिजोरीत ठेवण्याला अशी कोणतीही किंमत नाही. त्यावाचून कुणाचे हात कापत नाहीत. दारूबंदीविरुद्धचे जे खरोखर वजनदार युक्तिवाद आहेत, त्यांतला एकही इथं लागू पडत नाही. आणि महामार्गाच्या निकालानं एक तत्त्व तर कायम केलंच : दारू पिण्याचा हक्क कुणाकडून काढून न घेता, तिच्या शेजारी काय असू नये हे राज्य ठरवू शकतं. तिथं ते स्टिअरिंग होतं.

खरं तर राज्य दोन्ही फायली एकत्र उघडतंच, फक्त निवडणुकीपुरती. आचारसंहिता लागली की छाननी समिती परवानाधारकांची यादी पाहते आणि ज्यांच्याबाबत गरज वाटेल त्यांची हत्यारं जमा करून घेते. मतदान संपेपर्यंतचे ४८ तास दारूविक्री बंद असते. यवतमाळ जिल्हा लोकसभेच्या तीन मतदारसंघांत विभागलेला आहे. त्यामुळे २०२४ मध्ये वणी आणि आर्णी या विधानसभा क्षेत्रांत मतदान १९ एप्रिलला झालं आणि उरलेल्या जिल्ह्यात २६ एप्रिलला. प्रशासनानं ही कसरत निभावली. सणावाराला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली हत्यारं बाळगण्यावर पंधरा पंधरा दिवसांचे मनाई आदेशही निघतात. तापलेलं वातावरण, दारू आणि बंदूक एका जागी येऊ नयेत हे प्रशासनाला कुणी शिकवण्याची गरज नाही. त्याला फक्त असं वाटतं की वातावरण निवडणुकीतच तापतं. शनिवारी रात्री दहानंतर कुठल्याही परमिट रूममध्ये डोकावलं तर हा गैरसमज दूर व्हावा.

या प्रश्नावर प्रत्यक्ष प्रयोग झाला तो अमेरिकेत. २००९ मध्ये ॲरिझोनानं आणि टेनेसीनं, २०१० मध्ये व्हर्जिनियानं, पुढच्या वर्षी ओहायोनं दारू मिळणाऱ्या जागी परवानाधारकांना बंदूक नेऊ दिली. अट अशी की बंदूकवाल्यानं प्यायची नाही. २०१४ मध्ये जॉर्जियानं बारची दारं उघडली आणि नको असेल तर मालकानं मनाई करावी असं ठरवलं. टेक्सासनं ज्या जागेची निम्म्याहून जास्त कमाई दारूतून होते तिथं बंदी कायम ठेवली. न्यूयॉर्कनं तर २०२२ मध्ये बंदुकीच्या बाजूनं लागलेल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतरसुद्धा दारूची ठिकाणं संवेदनशील ठरवून बंदूक बाहेर ठेवली. ‘न्या, पण पिऊ नका’ हा मार्ग ऐकायला समंजस वाटतो. पण जे हत्यार झाकलेलंच असतं, त्याच्या मालकानं पिऊ नये यावर पहारा कुणी ठेवायचा? पिणाऱ्याला ओतून देणाऱ्या पोऱ्याला समोरच्याकडे पिस्तूल आहे हेच माहीत नसेल, तर त्याला दोष कसा देणार? शिवाय न पिणाऱ्या मालकाचं हत्यार पिणाऱ्या दोस्ताच्या हाती लागायला कितीसा वेळ लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये दहिसरला समाजमाध्यमावर थेट प्रक्षेपण चालू असताना जो खून झाला, त्यात वापरलेलं पिस्तूल मारेकऱ्याच्या अंगरक्षकाचं होतं. तिथं दारूचा संबंध नव्हता, पण परवाना एकाचा आणि बोट दुसऱ्याचं हे कसं घडतं ते दिसलं.

सर्वांत जोरदार आक्षेप स्वसंरक्षणाचा. कापसाच्या हंगामात रोकड घेऊन फिरणारा व्यापारी, वणी पट्ट्यातला कोळसा वाहतुकीचा ठेकेदार, यांना धोका असतो, म्हणूनच परवाना मिळालेला असतो. तो धोका बारच्या दारात थांबतो का? थांबत नाही. पण ज्याच्या जिवाला इतका धोका आहे की दोन तासही हत्यार सोडता येत नाही, त्यानं ते दोन तास आपली सावधता पेल्यात घालवावी, हा युक्तिवाद स्वतःच्याच पायात अडखळतो. जिल्ह्यात धुमाकूळ आहे तो देशी कट्ट्यांचा, परवान्याच्या पिस्तुलांचा नव्हे, असंही म्हटलं जाईल. ते खरंच आहे, आणि कट्टा बाळगणाऱ्याला हा नियम रोखणार नाही. त्याला रोखायला आधीचेच कायदे पुरेसे आहेत, अंमलबजावणी कमी पडते. पण बेकायदा हत्यारं आहेत म्हणून कायदेशीर हत्यारांना मोकळं रान द्यायचं असेल, तर मग जत्रेतली आणि शाळेतली बंदी तरी का ठेवायची?

अंमलबजावणीचा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. दर टेबलावर झडती घेता येणार नाही, घेऊही नये. म्हणूनच अट दोन्ही परवान्यांवर हवी. बंदुकीच्या परवान्यावर जत्रेच्या ओळीतच दारू देणाऱ्या जागेचा उल्लेख, आणि भंग झाला की परवाना निलंबित. परमिट रूमच्या परवान्यावर दर्शनी फलक, आणि हत्यार दिसलं तरी पोलिसांना न कळवणाऱ्या मालकावर कारवाई. जुगार आणि दंगा चालू देऊ नये ही जबाबदारी मालकावर आहेच, तिच्यात ही एक भर. कामावरचे पोलीस आणि रोकड नेणारे सुरक्षारक्षक वगळले की झालं. गल्ल्याजवळ स्वतःचं पिस्तूल ठेवणाऱ्या बारमालकाला मात्र मी वगळणार नाही. त्यानं ते पैसे घरी नेताना जवळ बाळगावं.

हद्द कुठं आखायची, हाही प्रश्न येईल, कारण आपल्याकडे ‘फॅमिली रेस्टॉरंट’ आणि परमिट रूम एकाच छताखाली असतात. इथं टेक्सासच्या टक्केवारीची गरज नाही. परमिट रूमचा परवाना मंजूर नकाशावर मिळतो आणि दारू कुठं देता येईल ते त्यात आखलेलं असतं. त्या रेषेच्या आत हत्यार नको, एवढं म्हटलं की भागतं. राहिले पांढरकवड्याच्या बाजूला महामार्गावर परवान्याशिवाय बाटली फोडू देणारे ढाबे. तिथं ना नकाशा आहे ना फलक. पण तिथं बसून पिणं आणि पाजणं हेच दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे. तिथल्या धाडीत एखाद्याच्या कमरेला परवान्याचं पिस्तूल सापडलं, तर उत्पादन शुल्कच्या निरीक्षकानं त्याची नोंद शस्त्र परवान्याच्या फायलीपर्यंत पोहोचवावी, यासाठी नवा कायदाही लागत नाही. एकाच इमारतीत दोन कपाटांमधलं अंतर चालून जावं लागेल.