उद्यांचें बाळापूर

खेड्याचें नगर केव्हां झालें, हें तेथें राहणाऱ्यांस बहुधा मागाहूनच कळतें. आधीं सडकेच्या कडेला चार दुकानें उभीं राहतात, मग त्यांवर माड्या चढतात, आणि एके दिवशीं गाडी वळवावयास जागा उरली नाहीं, असें ध्यानांत येतें. हिंगोली जिल्ह्यांतील आखाडा बाळापूर आज या अवस्थेच्या उंबरठ्यावर आहे. नांदेड-हिंगोली सडक, म्हणजेच राष्ट्रीय महामार्ग १६१, हा त्याचा कणा. भोंवतालच्या खेड्यांचें सोयाबीन व हळद हें त्याचें भांडवल. पुढील तीस वर्षांत हें गांव वाढणार, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. कसें वाढेल, एवढाच प्रश्न आहे.

हें सरकारनें पाहावें, असें पुष्कळांचें म्हणणें. प्रादेशिक नियोजन व नगररचनेचा कायदा महाराष्ट्रांत १९६६ पासून आहेच. परंतु गांवाची आकृति नकाशाच्या आधीं आपल्या वांटणीपत्रांत ठरते. सडकेला लागलेली जागा वांटतांना प्रत्येक भावास सडकेवरचें तोंड हवें असतें. म्हणून १०० फुटांची जागा चौघांत २५-२५ फुटांच्या लांबट पट्ट्यांनीं चिरली जाते. पुढल्या पिढींत त्यांचे साडेबारा फूट होतात. मधल्या खोल्यांस उजेड नाहीं, मागच्या शेतास वाट नाहीं. उद्यां त्या शेतांतल्या आखाड्यांभोंवतीं वस्त्या उठतील, तेव्हां त्यांतील मुलांस शाळेला आणि आजाऱ्यास दवाखान्याला नेणारी वाट एका बोळांतूनच जाईल.

ही केवळ सोयीची गोष्ट नव्हे. २१ मार्च २०२४ रोजीं सकाळीं या भागास ४.५ रिश्टरचा भूकंपाचा धक्का बसला, पाठोपाठ ३.६ रिश्टरचा दुसरा. १० जुलैस पुन्हां ४.५ चा धक्का आला. पत्र्यांवर ठेवलेले दगड उतरवा, असें मार्चमधील धक्क्यांनंतर शेजारच्या नांदेडच्या प्रशासनानें लोकांस सांगितलें. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीच्या परिसरांत दगडमातीच्या जाड भिंतींखालीं हजारों माणसें गेलीं, हें मराठवाडा विसरलेला नाहीं. भिंत पडली तर अरुंद बोळांत पळावयाचें कोठें?

हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्याच्या राजधानींत, हैदराबादेस, १९०८ सालीं मुसी नदीच्या पुरानें हाहाकार केला, तेव्हां कोठें पुढें तेथें नगरसुधारणेचें मंडळ स्थापन झालें. शहाणपण बहुधा असेंच आपत्तीमागून येतें. बाळापुरास इशारा आधीं मिळाला आहे.

उपाय कठीण नाहीं. नगररचना योजनेंत सर्वांच्या जमिनी एकत्र धरून रस्ते, मैदान, शाळा यांची जागा प्रथम काढतात, आणि उरलेले भूखंड मूळ मालकांस परत देतात. घरांतल्या वांटणींतही हाच क्रम ठेवतां येईल : आधीं सामायिक वाट, मग वांटे. फुटांनीं विकली जाणारी जमीन कोण सोडील, असें कोणी विचारील. परंतु वाट नसलेल्या जागेस भाव तरी कोण देणार? चार भावांनीं दहा-पंधरा फूट सोडले, तर मागचीं सारीं शेतें राहण्याजोगीं होतात. वांटणीपत्रावर सह्या होण्यापूर्वीं कर्त्या माणसानें इतकेंच विचारावें, कीं शेवटच्या घरापर्यंत गाडी जाईल काय?