मी त्रासाला ‘सावट’ म्हटलं

बाबा गेल्यावर सात महिने मी रात्री तीनला जागी व्हायचे. शेवटच्या दिवशी आलेला त्यांचा फोन मी उचलला नव्हता. ‘मी वाईट मुलगी’ एवढी एकच गोष्ट स्वतःला सांगत होते.

समुपदेशक ताईंनी विचारलं, “या त्रासाला नाव काय देशील?”

“सावट.”

मग प्रश्न येत गेले. सावट कधी येतं? त्याला बळ कशानं मिळतं? आणि त्याचं काहीच चाललं नाही, असा एखादा दिवस? इथे मी अडले. बऱ्याच वेळानं रिक्षा आठवली. बाबांच्या डायलिसिसला जाताना आम्ही शब्दकोडं सोडवायचो. पेन माझं, उत्तरं बाबांची. आठवड्यातून दोनदा, दीड वर्षं. ती मुलगीही मीच होते की!

ताई वापरत होत्या ती ऑस्ट्रेलियाचे मायकेल व्हाइट आणि न्यूझीलंडचे डेव्हिड एप्स्टन यांनी घडवलेली कथन-उपचारपद्धती. त्यांचं गाजलेलं पुस्तक १९९० चं. माणूस वेगळा, समस्या वेगळी, हा तिचा पाया. त्रासाला नाव दिलं की त्याच्याकडे बाहेरून बघता येतं. घडलेलं बदलत नाहीत. आपल्या हकिगतीतून गळालेले प्रसंग शोधून परत आणतात. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण खोटा दिलासा मला नकोच होता. झोपेसाठी डॉक्टरांचं औषधही काही काळ घेतलं.

व्हाइट आणि एप्स्टन भेटीनंतर माणसाला पत्र लिहीत. ताईंनीही मला लिहिलं. त्यात रिक्षा होती, पेन होतं. ते पत्र मी बाबांच्या कोड्यांच्या कात्रणांत ठेवलंय.